पहिल्या निवडीचा पोरगा

ज्या दुपारी आमच्या पाराव बास्केटबॉल संघाने नेल्विन रोयोला निवडलं, त्या दुपारी माझ्या खानावळीत लोकांनी ताटात अन्न टाकलं. फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहराचा माणूस भूकंप झाला तरी ताट हातात घेऊन बाहेर पळतो, टाकत नाही. त्या दिवशी टाकलं.

झालं होतं असं, की आदल्या हंगामात आमचा संघ पार तळाला गेला होता. तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते. लीगमध्ये नव्याने येणाऱ्या सगळ्या पोरांतून हवा तो आधी आपण उचलायचा. आणि कोण उचलायचा यावर शहरात दुमत नव्हतंच. इनिगो हालबुएना! आमच्या हारो भागातलाच मुलगा, मनिलाच्या कॉलेजात खेळून नाव काढलेला. बॉल त्याच्या हाताला दोरीने बांधल्यासारखा असायचा. त्याच्या फोटोचे फलक आधीच लागले होते, आणि शेजारच्या बेकरीवालीने तर त्याच्या नावाचा केक करून काचेत ठेवला होता.

टीव्हीवर निळ्या कोटातल्या माणसाने पाकीट उघडलं. "पहिली निवड, पाराव संघ. नेल्विन रोयो, सिबुयान बेट."

माझ्या नवऱ्याने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "कोण?"

पडद्यावर एक लांबच लांब पोरगा खुर्चीतून उठत होता. उठतच होता. त्याचं उठणं संपेना. कोट त्याच्या मनगटाच्या खूप वर राहिलेला. मंचावर जाताना तो पायरीला अडखळला आणि निळ्या कोटवाल्याच्या अंगावर जाऊन पडला.

"ह्याला?" माझा नवरा ओरडला. "इनिगोला सोडून ह्या ताडाच्या झाडाला?" आणि शर्टाची बटणं लावत तो थेट रेडिओ स्टेशनकडे पळाला.

बाजारात मी खानावळवाली लोदिंग. बाजाराबाहेर मात्र सगळीकडे मी पिदोंगची बायको. वीसेक वर्षं झाली, पिदोंग रेडिओवर बास्केटबॉल बोलतोय. सामन्याचं धावतं वर्णन करतोच, पण त्याचा खरा जीव दुपारच्या कार्यक्रमात. 'टाळी की भोंगा' असं त्याचं नाव. लोक फोन करतात, भांडतात, आणि शेवटी पिदोंग निकाल देतो. खेळाडू आवडला तर टाळी. नाही आवडला तर तीनचाकीचा एक जुना रबरी भोंगा त्याने माइकसमोर ठेवलाय, तो दाबायचा. पों! एकदा भोंगा वाजला की त्या खेळाडूला भाजी घ्यायला बाजारात येणं मुश्कील.

नेल्विनला तो चौथ्या सामन्यानंतर वाजला. तरी पिदोंगने चार सामने कसे दम धरला याचं मला नवल वाटलं होतं. पहिल्या सामन्यात पोराचा फ्री थ्रो रिंगला सोडाच, फळीलाही लागला नाही. दुसऱ्यात रिंगवरून उडालेला बॉल याच्या डोक्यावर आपटून थेट समोरच्या संघाच्या हातात गेला. तिसऱ्यात फाउल भरून तो लवकरच बाहेर आला. चौथ्यात काहीच वाईट झालं नाही, कारण कोच सालसेदोने त्याला खेळवलंच नाही.

"हा मुलगा बास्केटबॉलसाठी जन्मलेलाच नाही," पिदोंग रेडिओवर म्हणाला. "लिहून घ्या माझ्याकडून. आपण सोनं सोडून बांबू आणलाय. त्यात बॉल हातात आला की खाली कमरेपाशी आणतो. अरे, एवढी उंची देवाने कशाला दिली, बुटक्यांना बॉल वाटायला? पों!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं एकमेकांना "रोयो" म्हणून चिडवायला लागली. ज्याच्या हातून बॉल सुटेल तो रोयो. ग्लास फुटला तरी रोयो.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या गर्दीत, माझ्या खानावळीच्या दारात अंधार झाला. बघते तर दार भरून तो उभा. वाकून आत आला, तरी वरच्या पंख्याखालून जाताना सगळ्यांनी श्वास रोखला.

"तिया, जेवायला काय आहे?" आमच्याकडे मावशीला तिया म्हणतात. आवाज अगदी बारीक.

"तूर, डुक्कर आणि फणसाचं कालवण. बस ना, तोतो, बस बाळा. नाही, त्या बाकावर नको, तो मोडेल. इथे भिंतीशी."

तो बसला, आणि नेमका त्याच वेळी रेडिओवर पिदोंग सुरू झाला. विषय अर्थातच नेल्विन रोयो. कुणी बाई फोनवर विचारत होती, त्याला परत देऊन इनिगो बदलून मिळेल का. मी भाजीचा हात तसाच पुसत रेडिओ बंद करायला धावले.

"राहू दे, तिया," पोरगा म्हणाला. "ऐकतोय मी."

"कशाला ऐकतोस असलं?"

"कोच ओरडतात, पण काय चुकलं ते सांगत नाहीत. हे निदान सांगतात तरी. बॉल खाली आणतो म्हणाले ना? खरंय ते. आणतो मी." त्याने भाताचा मोठा घास घेतला. "फक्त भोंग्याचं वाईट वाटतं. आमच्या घरी पण लागतो हा कार्यक्रम, इंटरनेटवर. आईला इथली बोली नीट कळत नाही, तिला वाटतं भोंगा म्हणजे बक्षीस मिळालं. मी तसंच सांगितलंय."

मला हसू आलं, आणि मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तेवढ्यात त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे पिदोंगचा माइक धरलेला भला मोठा फोटो आहे, त्यानेच लावलाय.

"हे तुमचे कोण?"

"नवरा," मी म्हटलं. "आता काय करणार!"

पोरगा एवढा हसला की भिंतीजवळचा बाकसुद्धा करकरला. त्या दिवशी मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, आणि तो रोज यायला लागला.

हळूहळू कळलं सगळं. सिबुयानला त्याचे वडील समुद्रात दोऱ्या बांधून शेवाळ पिकवतात. हा शाळा सुटली की कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गाठी मारायचा. मग अचानक उंची सुटली. पाणी कमरेचं गुडघ्यावर आलं, म्हणायचा तो. कुणा मास्तरांनी त्याला पकडून कोर्टवर उभं केलं तेव्हा बाकीची पोरं दहा-दहा वर्षं खेळलेली होती, आणि याला कोर्टवरच्या रेषा कशासाठी असतात तेही माहीत नव्हतं.

"मला अजून माझे पाय नीट सापडत नाहीत, तिया," तो म्हणाला. "जरा ओळख झाली की परत लांब होतात."

एकदा पिदोंग घसा बसला म्हणून लवकर घरी आला. आत शिरला आणि समोर नेल्विन! मला वाटलं, आता काय होतंय! माइकसमोर वाघ असलेला माझा नवरा तिथल्या तिथे मांजर झाला. परत फिरायलाच निघाला होता, पण पोरगा उठून पुढे आला, वाकला, आणि पिदोंगचा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला, घरच्या वडीलधाऱ्याचा लावतात तसा. त्यासाठी त्याला जवळजवळ गुडघ्यावर यावं लागलं.

"नोंग पिदोंग, एक विचारू?" नोंग म्हणजे दादा, आदराने म्हणतात.

"अं... विचार."

"बॉल खाली आणायचा नाही, तर ठेवायचा कुठे?"

पिदोंगने इकडेतिकडे पाहिलं. गिऱ्हाइकं जेवायची थांबली होती. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसला असता, पण पिदोंगला बास्केटबॉलबद्दल प्रश्न विचारलाय आणि तो गप्प बसलाय असं या जन्मात होणार नाही. त्याने मी कापायला काढलेला कच्चा फणस उचलला.

"हे बघ, असा. हनुवटीच्या वर. कोपरं बाहेर. कुणी जवळ आला तर लागू दे त्याला कोपर. आणि खाली बघायचंच नाही."

"माझा फणस खाली ठेव," मी म्हटलं.

"थांब गं! घे रे तू. हं, वर. आणखी वर!"

नेल्विनने फणस वर धरला, तो पंख्याला लागला. पातं वाकडं झालं, चिकाचे थेंब कालवणात पडले, आणि सगळ्या खानावळीने टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, चला, मिटलं. दुसऱ्या दिवशी रेडिओवर परत पों! संध्याकाळी पिदोंग जेवायला बसला तेव्हा मी त्याच्यासमोर नुसता कोरडा भात ठेवला.

"हे काय?"

"तुझा भोंगा. कालवण उद्या मिळेल, उद्या नीट वागलास तर."

"लोदिंग, घरचं वेगळं, रेडिओचं वेगळं. पोरगा चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण खेळाडू म्हणून त्याचं काही व्हायचं नाही. मला कळतं. डोळे आहेत मला."

"हो का? ही खानावळ काढली तेव्हा महिनाभर कुत्रं फिरकलं नाही. तेव्हा तूच म्हणालास ना, बंद कर, तुझ्या हाताला चव नाही म्हणून?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

त्याने भात चिवडला. "तेव्हा खरंच नव्हती चव," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "नंतर आली," असं घाईने जोडलं.

"मग?" मी म्हटलं. त्याने कोरडा भात संपवला.

तरी भोंगा थांबला नाही. आणि खरं सांगायचं तर नेल्विनही काही लगेच सुधारला नाही. एखाद्या सामन्यात दोन बॉल छान अडवायचा, पुढच्यात स्वतःच्याच बुटाच्या नाड्यांवर पाय द्यायचा. पहिला हंगाम असा गेला. दुसरा हंगाम बहुतेक राखीव बाकावर गेला. तिकडे इनिगो मनिलाच्या संघातून खेळत होता आणि शीतपेयाच्या जाहिरातीत हसत होता. आमच्याकडे लोक ती जाहिरात बघून अक्षरशः उसासे टाकायचे. संघाच्या मालकांकडे सह्यांचे कागद गेले की रोयोला काढा. कोच सालसेदो फक्त एवढंच म्हणाले, "तो अजून वाढतोय." त्यावर पिदोंगने रेडिओवर विचारलं, "आणखी किती? छतापर्यंत?"

पण मी रोज बघत होते ना. पोरगा सकाळी सगळ्यांच्या आधी कोर्टवर जायचा, आणि सराव संपला की माझ्याकडे येऊन मुकाट जेवायचा. आधी एक ताट जेवायचा, मग दोन. खांदे भरले. चालणं बदललं. पूर्वी माझ्या बाकांना ठेचकाळल्याशिवाय भिंतीपर्यंत पोचायचा नाही. आता हातात वाफाळतं भांडं घेऊन गर्दीतून सरळ जायचा आणि एक थेंब सांडायचा नाही. एकदा मांजरीच्या धक्क्याने फळीवरून माझी अंड्यांची टोपली कलंडली. नेल्विनने बसल्या जागेवरून हात लांबवून ती हवेतच झेलली आणि दुसऱ्या हाताने घास घेतला.

"पाय सापडले वाटतं," मी म्हटलं.

"हो, तिया," तो म्हणाला. "थांबलेत आता लांब व्हायचे."

तिसऱ्या हंगामात आमचा जुना उंच खेळाडू घोटा मुरगळून बसला, आणि त्याच आठवड्यात सामना होता इनिगोच्या संघाशी, इथे, आमच्या मैदानात. कोचनी नेल्विनला सुरुवातीपासून उतरवलं. मी खानावळ बंद करून गेले. पिदोंगने त्याच्या माइकजवळच माझी खुर्ची टाकली होती.

"आज बॉलपासून जपा, प्रेक्षकहो," पिदोंग माइकवर म्हणाला. "रोयो खेळतोय."

पहिला बॉल उडाला तो नेल्विनने झेलला. हनुवटीच्या वर, कोपरं बाहेर. दोघंजण त्याच्या कोपरांवर आपटून मागे गेले. दुसराही त्यानेच घेतला. मग मनिलाचा एक दांडगा खेळाडू जोरात रिंगवर चढला, आणि नेल्विनने तो बॉल असा थोपटून बाजूला केला, जसा कुणी झोपाळ्यात पडल्यापडल्या माशी हाकलतो. मैदानात गडबड सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "रोयो!" आणि पहिल्यांदाच ती शिवी वाटली नाही.

पिदोंगचं धावतं वर्णन अडखळायला लागलं. "रोयोकडे बॉल... रोयोने... परत रोयो... अरे, हा तोच रोयो का?"

"तोच," मी म्हटलं. माझा आवाज सगळ्या शहरात गेला.

शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो. बॉल नेल्विनच्या हातात, अंगावर तिघं. मला वाटलं, हा आता रिंगवर मारणार. त्याने खाली बघितलंच नाही. तिघांच्या डोक्यांवरून कोपऱ्यातल्या आमच्या मोकळ्या खेळाडूला बॉल दिला, आणि त्याने तो रिंगमध्ये घातला. भोंगा वाजला, सामना संपल्याचा. मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण बेकरीवाली माझ्या गळ्यात पडून रडत होती. पिदोंगचा माइक चालू होता आणि तो एक शब्द बोलत नव्हता. घरी रेडिओ ऐकणाऱ्यांना वाटलं, वीज गेली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात त्याने तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. "मी चुकलो," म्हणाला. "साफ चुकलो. आता मला जे काही म्हणायचं ते म्हणा." लोकांनी म्हटलंही. फोनवर फोन. पहिला अर्धा तास त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि मी खानावळीत कालवण ढवळत मजेत ऐकत होते.

आणि मग काय व्हावं? एकाने फोनवर इनिगोचा विषय काढला. इनिगोचा तो हंगाम वाईट चालला होता; गुडघ्याचं दुखणं काढून तो आदल्याच महिन्यात परतला होता. काल तर त्याचा एकही बॉल नीट पडला नाही. ज्या लोकांनी त्याच्यासाठी अन्न टाकलं होतं, तेच काल त्याच्याकडे बघून तोंडाने पों पों करत होते.

"देवाने वाचवलं आपल्याला!" फोनवरचा म्हणाला. "नोंग पिदोंग, जाहिरातीतच बरा तो. वाजवा त्याला!"

"खरंय," पिदोंगची गाडी परत रुळावर आली. "मी तर म्हणतो, त्याचं संपलं. लिहून घ्या माझ्याकडून..."

माझ्या हातातला डाव थांबला. भिंतीशी नेल्विन जेवत होता. त्याने हात धुतले, फोन काढला आणि लावला. क्षणभराने त्याचा आवाज माझ्या शेजारूनही आला आणि रेडिओतूनही.

"नोंग, मी नेल्विन बोलतोय."

"नेल्विन! ऐका हो मंडळी, खुद्द नेल्विन! बोल, माझ्या राजा!"

"इनिगोला नका वाजवू."

रेडिओवर खरखर झाली. "का बरं?"

"काल सामना संपल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो होतो. गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. म्हणाला, घरच्या मैदानात आलो आणि आईला तोंड दाखवायची लाज वाटली. माझ्याएवढाच आहे तो, नोंग. पंचविशीसुद्धा गाठली नाही आम्ही."

"पण काल तो वाईट खेळला, ते मी सांगायचं नाही?"

"सांगा ना! काल वाईट खेळला असं सांगा. माझंही सांगत होतात, त्यातून मी शिकलो. पण संपलं, जन्मलाच नाही, असलं कशाला? पुढचं तुम्हाला कुठे माहीत असतं? काल तुम्हाला सामना संपेपर्यंत मीसुद्धा माहीत नव्हतो."

खानावळीत हशा पिकला. रेडिओत पिदोंगही हसला, जरा उशिरा.

"मग मी निकाल काय देऊ रे? कार्यक्रमच त्याचा आहे."

"आम्ही म्हातारे झालो की द्या," नेल्विन म्हणाला. "तोवर तिया लोदिंगचं कालवण खा. आज छान झालंय."

फोन ठेवून तो परत जेवायला बसला, जणू काही झालंच नव्हतं. त्या दिवशी भोंगा वाजला नाही. संध्याकाळी पिदोंगने तो रेडिओ स्टेशनखालच्या तीनचाकीवाल्याला देऊन टाकला. त्याचा भोंगा कित्येक महिने बिघडलेला होता.

कार्यक्रमाचं नाव बदललं. लोक आधी खूप चिडले. निकाल नाही म्हणजे काय? मीठच नाही म्हणे! काही जण दुसऱ्या स्टेशनकडे गेले आणि पुढे परत आले, कारण भांडायला मिळालं की आमच्या लोकांना पुरतं, निकाल असो नसो. इनिगोचं म्हणाल तर त्याचा गुडघा अजून कुरकुरतो. कधी चमकतो, कधी नाही. पण सुट्टीत घरी आला की बाजारात मान वर करून फिरतो, आणि बेकरीवाली त्याला केक फुकट देते.

या वर्षी पारावने एक नवा मुलगा घेतला. जस्पर त्याचं नाव, कपीझ प्रांतातला, एकोणीस वर्षांचा, आणि नेल्विनपेक्षाही सडपातळ. पहिल्या सामन्यात त्याने घाबरून बॉल थेट पंचांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी नेल्विन त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आला.

"तिया, ह्याला भिंतीशी बसवतो."

जस्परने ताट उलटं पाडलं, मग भीतीने चमचाही पाडला. मी दुसरं ताट वाढलं. पिदोंग पलीकडच्या बाकावर बसून हे सगळं बघत होता. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी डाव हातात घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय म्हणत होतास?"

"काही नाही," पिदोंग म्हणाला. "पोरगं डाव्या हाताने जेवतंय, एवढंच दिसलं मला." मग त्याला राहवलं नाही. खुर्ची ओढून तो जस्परच्या शेजारी जाऊन बसला. "डावखुरा आहेस का रे? छान! मग मला सांग, बॉल हातात आला की तू आधी कुठे बघतोस?"